वागळे इस्टेटचं जिल्हा उद्योग केंद्र: गावाकडच्या अल्पसंख्याक उद्योजकाला किती उपयोगाचं?

अल्पसंख्याक समाजातल्या उद्योजकासाठी ठाणे जिल्ह्यात वेगळं केंद्र शोधत बसू नका. पडघ्यात बेकरी टाकायची असो, किन्हवलीकडे मसाला कांडप किंवा मुरबाडच्या एखाद्या गावात शिवणकामाचं युनिट, काम शेवटी तीन दारांपैकी एका दाराशी येतं. पहिलं दार वागळे इस्टेटमधलं जिल्हा उद्योग केंद्र, दुसरं महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं जिल्हा कार्यालय आणि तिसरं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ. हे परीक्षण मुख्यतः पहिल्या दाराचं आहे, कारण गावात नवं युनिट उभं करणाऱ्याला सगळ्यात मोठी रक्कम तिथून मिळू शकते. बाकीच्या दोन दारांविषयी पुढे, जिथे ती जास्त सोयीची आहेत तिथे लिहिलं आहे.

आधी पैशांचं बोलू. केंद्रात सर्वाधिक विचारली जाणारी योजना म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी. ही 2008 पासून सुरू आहे आणि सध्याचे नियम 2021-22 ते 2025-26 या काळासाठी मंजूर झालेले आहेत. त्यामुळे पोर्टलवर नवे अर्ज घेतले जात आहेत का, हे कागद जमवण्याआधी बघून घ्या. प्रकल्प खर्चाची मर्यादा उत्पादनासाठी 50 लाख आणि सेवा उद्योगासाठी 20 लाख रुपये. सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला शहरात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळतं, स्वतःचा वाटा 10 टक्के. विशेष गटाला शहरात 25 टक्के, ग्रामीण भागात 35 टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. अल्पसंख्याक या विशेष गटात येतात. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन, असे सहा अधिसूचित समाज आहेत.

10 लाखांच्या बेकरीचं गणित मांडलं की फरक दिसतो. स्वतःचे 50 हजार, बँकेचं कर्ज साडेनऊ लाख. युनिट ग्रामपंचायत हद्दीत असेल तर अनुदान साडेतीन लाख, म्हणजे खरं फेडायचं मुद्दल सहा लाख. हेच युनिट नगरपंचायत किंवा महापालिका हद्दीत पडलं तर अनुदान अडीच लाख आणि फेडायचे सात लाख. युनिट कुठल्या हद्दीत आहे एवढ्यावर एक लाखाचा फरक पडतो.

अनेकांचा अंदाज इथेच चुकतो. शहापूर आणि मुरबाड ही तालुक्याची गावं बोलण्यात 'ग्रामीण' असली तरी दोन्हीकडे नगरपंचायत आहे, आणि या योजनेत नगरपालिका, नगरपंचायत, महापालिका यांची हद्द शहरी धरली जाते. पंचायत राज व्यवस्थेखाली येणारी हद्द तेवढी ग्रामीण. शहापूरच्या बाजारपेठेत गाळा भाड्याने घेऊन 35 टक्के धरलेला अहवाल छाननीत 25 टक्क्यांवर येतो आणि आधी मांडलेलं सगळं गणित कोसळतं. कल्याणजवळच्या 27 गावांच्या आणि नवी मुंबई महापालिकेच्या सीमेवरच्या 14 गावांच्या हद्दीचा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा फिरला आहे. तिथल्या अर्जदाराने शेजाऱ्याच्या जुन्या अर्जावर विसंबू नये. जागा पक्की करण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) ग्रामीण क्षेत्राचा दाखला घ्या, मगच गाळ्याचा करार करा. दाखल्यात अर्जदाराच्या घराचा पत्ता नको, युनिटच्या जागेचा पत्ता हवा. घर गावात आणि युनिट भिवंडी महापालिकेत असेल तर दर शहराचाच लागतो.

जिल्ह्याचीही खात्री करून घ्या. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर हे सात तालुके वागळे इस्टेटच्या केंद्राकडे येतात. वाडा, जव्हार, विक्रमगड 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत. नवी मुंबईत राहणाऱ्यांची गल्लत वेगळीच होते. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात असले तरी पनवेल आणि उरण रायगडमध्ये, आणि त्यांचं उद्योग केंद्र अलिबागला. राहायला नेरूळला आणि युनिट पनवेल तालुक्यातल्या गावात असेल, तर वागळे इस्टेटला हेलपाटा घालून काही हाती लागणार नाही.

अर्ज ऑनलाइनच भरायचा आहे. पोर्टल खादी व ग्रामोद्योग आयोगाचं असलं तरी अर्जात अंमलबजावणी करणारी संस्था निवडावी लागते: आयोग, मंडळ की जिल्हा उद्योग केंद्र. पूर्वी ग्रामीण आणि शहरी भाग या संस्थांमध्ये वाटलेले होते, आता कुठलीही संस्था कुठल्याही भागाचा अर्ज हाताळू शकते. आमची शिफारस अशी: यंत्रं जास्त असलेलं, तीन फेजची वीज लागणारं युनिट असेल तर उद्योग केंद्र, मध, पापड, मसाले, हातकाम अशा गोष्टींसाठी खादी मंडळ. दोन्हीकडे टक्केवारी सारखीच असते, पण छाननी करणाऱ्याला आपला धंदा समजत असेल तर त्रुटीपत्रं कमी निघतात.

कागदांमध्ये आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा पुरावा, प्रकल्प अहवाल, ग्रामीण दाखला आणि विशेष गटाचा पुरावा एवढे पुरतात. उत्पादनात 10 लाखांवर आणि सेवेत 5 लाखांवर प्रकल्प असेल तर आठवी पास असणं बंधनकारक. अल्पसंख्याक असल्याच्या पुराव्यासाठी सहसा धर्माची नोंद असलेला शाळा सोडल्याचा दाखला चालतो. शाळेचा दाखला हरवला असेल तर त्याची दुय्यम प्रत मिळायला वेळ जातो, म्हणून ते काम आधी करा. नावात फरक असेल, म्हणजे आधारवर 'शेख' आधी आणि दाखल्यावर शेवटी, किंवा लग्नानंतरचं आडनाव वेगळं, तर अर्जाआधी आधार आणि पॅन जुळवून घ्या. बँकेत हा फरक हमखास अडतो.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. महिला हाही विशेष गटच आहे. त्यामुळे अर्जदार बाई असेल तर अल्पसंख्याक असल्याचा पुरावा गोळा करत बसायची गरज नाही, महिला म्हणून केलेल्या अर्जाला तेच 35 टक्के आणि तोच 5 टक्के वाटा. दोन्ही गटांत बसल्याने अनुदान दुप्पट होत नाही. बौद्ध अर्जदारांचंही तसंच. अनुसूचित जातीचा दाखला हाताशी असेल तर तो लावावा, टक्का बदलत नाही. मात्र पती-पत्नी मिळून एका कुटुंबाला एकदाच लाभ मिळतो, त्यामुळे अर्ज कोणाच्या नावाने करायचा हे घरात बसून नीट ठरवा. व्यवसाय खरोखर जो चालवणार आहे त्याच्याच नावाने करा, कारण प्रशिक्षण, बँकेची भेट आणि पुढची तपासणी सगळं त्याच व्यक्तीला निभवावं लागतं.

प्रकल्प अहवाल हा या सगळ्याचा कणा, आणि सगळ्यात जास्त अर्ज त्यातच फसतात. कॉम्प्युटरच्या दुकानात पैसे मोजून तयार केलेला अहवाल बँकेचा अधिकारी दोन प्रश्नांत ओळखतो. आयोगाच्या संकेतस्थळावर नमुना प्रकल्प मोफत मिळतात. त्यातला जवळचा नमुना घ्यायचा आणि आपल्या गावाचे आकडे भरायचे, ही पद्धत सगळ्यात चांगली. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. शेड किंवा गाळ्याचं भाडं जास्तीत जास्त 3 वर्षांचं धरता येतं. नुसतं खेळतं भांडवल मागणारा प्रकल्प बसत नाही, त्यात यंत्रं किंवा साहित्य असलंच पाहिजे. मालाची फक्त खरेदी-विक्री, म्हणजे किराणा किंवा कापडाचं दुकान, या वाटेने करू नका. मांसप्रक्रिया, तंबाखू आणि दारू नकारात्मक यादीत आहेत. मांसाहारी जेवण देणारं हॉटेल किंवा ढाबा मात्र सुधारित नियमांनुसार चालतो. बिर्याणीचं हॉटेल काढू पाहणाऱ्या अनेकांना ही सुधारणा कोणी सांगितलेलीच नसते आणि ते अर्जच करत नाहीत.

बेकरीचंच उदाहरण पुढे नेऊ. 10 लाखांत ओव्हन, मैदा मळायचं यंत्र, मिक्सर, ट्रे आणि रॅक मिळून साडेसहा लाख, शेडची दुरुस्ती आणि फरशी दीड लाख, खेळतं भांडवल दोन लाख, अशी विभागणी बँकेला पटते. खेळतं भांडवल पाच लाख दाखवण्याचा मोह आवरा, कारण कॅश क्रेडिटची मर्यादा 3 वर्षांच्या आत एकदा तरी पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि सरासरी वापर 75 टक्क्यांहून कमी नसावा, असा नियम आहे. न वापरलेल्या भांडवलाच्या प्रमाणात अनुदान परत जातं. कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचं घ्या, त्यावर यंत्राचं मॉडेल, क्षमता आणि अश्वशक्ती लिहून घ्या. अश्वशक्ती नसेल तर महावितरणकडे किती भार मागायचा ते ठरत नाही. गावात तीन फेजचं कनेक्शन कुठल्या खांबावरून येणार आणि रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) किती भार झेपतो, याची चौकशी महावितरणच्या शाखा कार्यालयात अहवाल लिहिण्याआधी करून ठेवा. यंत्र आलं आणि वीज नाही, असे महिने कर्जाचा हप्ता मात्र सोडत नाहीत.

जागेचा कागद गावात सरळ नसतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, तिथे ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीचा उतारा चालतो. उतारा आजोबांच्या नावावर आणि हिस्सेदार चार, ही कोकणी मुस्लिम आणि बौद्ध वस्त्यांमधली नेहमीची स्थिती. त्या वेळी सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र किंवा त्यांच्याकडून नोंदणीकृत भाडेकरार घ्यावा लागतो. सोबत ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. या कामाला इतर सगळ्या कागदांपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

आणखी एक सापळा तारखांचा. ही योजना फक्त नव्या युनिटसाठी आहे. ओव्हन स्वस्तात मिळतो म्हणून मंजुरीआधी विकत घेतला, किंवा उद्यम नोंदणीत, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत, व्यवसाय सुरू झाल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची टाकली, तर युनिट जुनं ठरू शकतं. उद्यम नोंदणी मोफत असते, ती युनिट उभं राहत असताना योग्य तारखेसह करा. धंदा खरंच आधीपासून चालू असेल तर मुद्रा कर्ज किंवा खाली दिलेल्या दुसऱ्या योजना बघाव्यात, जुन्या धंद्याला नवा म्हणून दाखवू नये.

केंद्र आता मुलाखत घेत बसत नाही, अर्ज छाननी करून थेट बँकेकडे पाठवतं. त्यामुळे प्रकरणाचा निकाल वागळे इस्टेटमध्ये लागत नाही, तो गावाजवळच्या शाखेत लागतो. अर्जात बँकेचे दोन पर्याय देता येतात. पहिला पर्याय नेहमी अशी शाखा ठेवा जिच्या सेवा क्षेत्रात युनिटचं गाव येतं आणि जिथे खातं आधीपासून चालू आहे. ठाण्यातल्या ओळखीच्या शाखेत अर्ज पाठवला की 'सेवा क्षेत्राबाहेर' या शेऱ्याने परत येतो. अर्ज बँकेकडे गेला की चार-आठ दिवसांत शाखेत जाऊन भेटा. जागेचा कागद, कोटेशनची मूळ प्रत आणि माल कोणाला विकणार त्याची यादी सोबत ठेवा. पडघ्याच्या बेकरीवाल्याने मुंबई-नाशिक महामार्गावरचे किती ढाबे आणि दुकानं रोज माल घेतील हे नावानिशी सांगितलं, तर ते छापील अहवालातल्या बाजारपेठेच्या परिच्छेदापेक्षा वजनदार ठरतं.

10 लाखांपर्यंतच्या कर्जाला शाखेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि त्यासाठी पतहमी योजनेचं संरक्षण उपलब्ध असतं. तरीही तारण मागितलं तर वाद न घालता लेखी कारण मागा आणि ते उद्योग केंद्राला कळवा. नाकारलेल्या अर्जाला कारण लिहिलेलं असणं पुढच्या प्रयत्नासाठी फार मोलाचं आहे. सिबिलमध्ये जुनं मोबाईलचं किंवा बचत गटाचं थकलेलं कर्ज दिसत असेल तर अर्जाआधी ते फेडून नोंद दुरुस्त करून घ्या.

मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण येतं, ते ऑनलाइनही करता येतं. मग बँक कर्जाचा पहिला हप्ता सोडते आणि अनुदानाचा दावा करते. अनुदान खात्यात खर्चायला मिळत नाही. ते 3 वर्षं अर्जदाराच्या नावाने ठेव म्हणून बँकेत अडकतं. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. म्हणून बँकेने दावा किती लवकर केला याला महत्त्व आहे. साडेतीन लाखांवर 11 टक्के व्याज धरलं तर दाव्याच्या उशिराचा प्रत्येक महिना सुमारे 3,200 रुपयांना पडतो. पहिला हप्ता मिळाल्याच्या आठवड्यातच शाखेत जाऊन दावा अपलोड झाला का ते विचारा, आणि अनुदान आल्यावर कर्जखात्याच्या उताऱ्यात व्याज कमी झालं का तेही तपासा.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून याच केंद्रातून चालतो. टक्केवारीची रचना तीच, अल्पसंख्याकांचं स्थानही तेच. महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. केंद्र सरकारच्या योजनेत, म्हणजे पीएमईजीपीत, प्रकरण अडलं तर ही दुसरी वाट आहे, पण दोन्हींचा लाभ एकत्र घेता येत नाही.

मौलाना आझाद महामंडळाचं काम वेगळं. तिथे अनुदान नाही, पण कर्जाचं व्याज कमी असतं. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाची मुदत कर्ज योजना ते राबवतं: कमी उत्पन्न गटाला 20 लाखांपर्यंत 6 टक्के दराने, आणि वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना 30 लाखांपर्यंत, पुरुषांना 8 आणि महिलांना 6 टक्क्यांनी. कारागिरांसाठीच्या विरासत योजनेत दर याहूनही कमी आहे. इथली अडचण जामीनदाराची. सक्षम जामीनदार किंवा मालमत्तेचं तारण उभं करता येत असेल आणि धंदा आधीपासून चालू असेल, तर हे दार उद्योग केंद्रापेक्षा बरं. निधी वर्षभर सारखा नसतो, म्हणून अर्ज सुरू आहेत का ते फोन करून विचारूनच निघा.

शिंपी, गवंडी, न्हावी, जाळी विणणारे, कुलूप-चाव्या बनवणारे अशा हातकाम करणाऱ्यांनी उद्योग केंद्राच्या फेऱ्यांआधी पीएम विश्वकर्मा बघावी. 18 व्यवसाय, 15 हजारांचं अवजारांचं साहाय्य, 5 टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाख आणि दुसरं दोन लाख. नोंदणी आपल्या गावाजवळच्या सामायिक सेवा केंद्रात होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतच करते. खाद्यपदार्थांचं चालू युनिट वाढवायचं असेल तर कृषी विभागाची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, 35 टक्के आणि कमाल 10 लाख अनुदान. तिच्यात जिल्हा संसाधन व्यक्ती अहवाल करून देते आणि तिचं मानधन सरकार भरतं, अर्जदाराने काही द्यायचं नसतं.

आता केंद्राविषयीचं आमचं मत. योजनेतली रक्कम आणि विशेष गटाची सवलत खरोखर मोठी आहे, 5 टक्के स्वतःच्या वाट्यावर युनिट उभं करण्याची संधी गावातल्या अल्पसंख्याक तरुणाला बाजारात दुसरीकडे कुठेही मिळत नाही. अर्ज ऑनलाइन झाल्याने स्थिती घरबसल्या कळते, ही मोठी सुधारणा. कमी पडतं ते अंतर आणि सोबत. केंद्राचं तालुक्याला स्वतंत्र कार्यालय नसतं. आसनगावच्या माणसाला निदान लोकल आहे. मुरबाडच्या आतल्या गावातल्या बाईला एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षाने वागळे इस्टेट, असा दिवस मोडावा लागतो, तोही रोजगार बुडवून. तालुक्याच्या पंचायत समितीत आठवड्यातून एक ठरलेला दिवस उद्योग निरीक्षक बसला आणि त्याच दिवशी महामंडळाचा माणूस शेजारी असला, तर अर्धी त्रुटीपत्रं निघणारच नाहीत. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत नेण्यासारखी आहे, आणि भिवंडी तालुक्यातल्या पडघा, बोरिवली, महापोली पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी ती न्यावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

ही पोकळी दलाल भरतात. अनुदानाच्या टक्केवारीवर काम करतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अर्जाला शुल्क नाही आणि अर्ज पुढे सरकवण्याचा अधिकार कुठल्याही खासगी माणसाकडे नाही. तो आपला मोबाईल क्रमांक अर्जात टाकतो, ओटीपी त्याच्याकडे जातात आणि अर्जाचा ताबाच हातातून सुटतो. सेवा केंद्रातून अर्ज भरला तरी क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

वागळे इस्टेटला जायचं ते तीन वेळीच जा: अहवाल तयार झाल्यावर सबमिट करण्याआधी दाखवायला, बँकेने लेखी नकार दिल्यावर, आणि अनुदानाचा दावा अडल्यावर. बाकी चौकशी पोर्टलवर आणि फोनवर होते. पहिल्या भेटीत ग्रामीण दाखला, नमुना 8, संमतीपत्र आणि कोटेशन यांच्या मूळ प्रती न्या, युनिट सुरू झाल्यावर योजनेचं नाव असलेला फलक दर्शनी भागात लावा आणि यंत्रांची बिलं एका फाइलमध्ये 3 वर्षं जपा, कारण प्रत्यक्ष तपासणीला येणारा माणूस यंत्राचा क्रमांक बिलाशी ताडून बघतो आणि ती तपासणी झाल्याशिवाय अनुदान कर्जात वळतं होत नाही.